ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक आणि पक्षांवरून होणारे वाद: तिथल्या मराठी मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणारे मराठी मतदार वेगवेगळ्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांतले काही निव्वळ नियमांचे आहेत, तर काही सरळ सरळ भांडणांचे. भांडणाच्या मुळाशीही बहुधा एखादा नियमच सापडतो, तो भारतातल्या सवयीने वेगळाच गृहीत धरलेला असतो. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे येथे सांगितलेले नाही.

१. पुढची सार्वत्रिक निवडणूक नेमकी कधी आहे? तारीख कोण ठरवते?

तारीख व्यवहारात पंतप्रधान ठरवतात. ते राजाकडे संसद विसर्जित करण्याची विनंती करतात आणि विसर्जनानंतर कामकाजाच्या २५ दिवसांनी मतदान होते. २०११ च्या कायद्याने ठरावीक मुदतीची संसद आणली होती, परंतु २०२२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि हा अधिकार पुन्हा पंतप्रधानांच्या हाती गेला. वरची मर्यादा मात्र पक्की आहे. संसदेच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे पूर्ण झाली की ती आपोआप विसर्जित होते. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतरची संसद ९ जुलै २०२४ रोजी भरली, त्यामुळे पुढची निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत व्हावीच लागेल. त्याआधी ती केव्हाही होऊ शकते. १९३५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झाली आहे. हा कायदा नसून रिवाज आहे. सुट्टी मिळत नाही, मतदान सकाळी ७ ते रात्री १० असते.

२. माझा पासपोर्ट भारतीय आहे, ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले नाही. मला मत देता येते का?

येते. हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, आणि कित्येक जण दहा-दहा वर्षे येथे राहूनही याचे उत्तर चुकीचे धरून चालतात. ब्रिटनमध्ये राहणारा राष्ट्रकुल देशाचा (म्हणजे भारताचाही) नागरिक, त्याच्याकडे येथे राहण्याचा वैध परवाना असेल किंवा त्याला परवान्याची गरजच नसेल, तर सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होऊ शकतो. विद्यार्थी व्हिसा, नोकरीचा व्हिसा, जोडीदारावर अवलंबून असलेल्याचा व्हिसा हे सर्व परवाने यात येतात. वय १८ पूर्ण हवे आणि मतदार यादीत नाव हवे. मतदानाचे वय १६ करण्याचा इरादा सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, परंतु तो बदल कायद्याने लागू होईपर्यंत सार्वत्रिक निवडणुकीसाठी १८ हेच वय धरावे.

याची दुसरी बाजू विचित्र वाटते. घरात पती भारतीय नागरिक आणि पत्नी अमेरिकन नागरिक असेल, तर काल-परवा शिकायला आलेल्या भाच्याला मत आहे आणि पंधरा वर्षे येथे कर भरणाऱ्या पत्नीला नाही. नेपाळ राष्ट्रकुलात नसल्यामुळे नेपाळी शेजाऱ्यालाही ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय मत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांपैकी आयर्लंड, सायप्रस आणि माल्टा येथल्यांनाच सार्वत्रिक निवडणुकीत मत आहे. ब्रिटिश साम्राज्यातील सर्व प्रजाजनांना एकाच मापाने मोजणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा हा उरलेला धागा आहे. तो न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. आज मात्र तो कायदा आहे.

३. येथे मत दिल्याने माझ्या भारतीय नागरिकत्वाला किंवा तिकडच्या मतदानाला बाधा येते का?

नाही. भारतीय नागरिकत्व दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारल्याने जाते, आणि येथे मत देणे म्हणजे नागरिकत्व स्वीकारणे नव्हे. परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला पासपोर्टावरील पत्त्याच्या मतदारसंघात प्रवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येते, मात्र मतदानाला स्वतः हजर राहावे लागते. ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्डधारक हा भारताचा नागरिक नसल्यामुळे त्याला भारतात मत नाही, आणि ब्रिटनमधल्या त्याच्या मताशी त्या कार्डाचा काही संबंध नाही.

४. मतदान केंद्रावर काय न्यावे लागते? यंत्र, शाई, ‘नोटा’ असे काही असते का?

छायाचित्र असलेले ओळखपत्र न्यावे लागते. इंग्लंडमध्ये ही सक्ती मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून आली, उत्तर आयर्लंडमध्ये ती २००३ पासूनच आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट मान्य यादीत आहेत. मुदत संपलेला पासपोर्टही चेहरा ओळखू येत असेल तर चालतो. आधार कार्ड आणि भारतातले मतदार ओळखपत्र चालत नाही. मान्य ओळखपत्रांपैकी काहीच नसेल तर मतदार अधिकारपत्र विनाशुल्क मिळते, मात्र त्यासाठी मतदानाच्या सहा कामकाजाच्या दिवसांपूर्वी सायंकाळी पाचपर्यंत अर्ज करावा लागतो. मराठी नावांची एक खास अडचण येथे सांगायला हवी: पासपोर्टावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते आणि यादीत नसते, किंवा लग्नानंतरचे आडनाव एकीकडे बदललेले असते आणि दुसरीकडे नाही. मधले नाव नसणे सहसा आड येत नाही, पण आडनावच वेगळे असेल तर यादीतली नोंद आधीच दुरुस्त करून घ्यावी किंवा नाव बदलल्याचा पुरावा, उदाहरणार्थ विवाहाचा दाखला, सोबत ठेवावा.

यंत्र नसते आणि बोटाला शाईही लावत नाहीत. कागदी मतपत्रिकेवर पेन्सिलीने एका नावासमोर फुली मारायची असते. स्वतःचे पेन नेले तरी चालते. मोजणी हातांनी होते. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असा रकाना नाही. काही मतदार पत्रिका मुद्दाम कोरी ठेवतात किंवा तिच्यावर काही लिहितात, आणि ती बाद मतांत धरली जाते.

५. ऐन मतदानाच्या आठवड्यात पुण्याला जावे लागले तर काय करावे?

दोन मार्ग आहेत. टपाली मतासाठी मतदानाच्या ११ कामकाजाच्या दिवसांपूर्वी आणि प्रतिनिधीकरवी मतासाठी सहा कामकाजाच्या दिवसांपूर्वी, दोन्ही वेळा सायंकाळी पाचपर्यंत, अर्ज पोहोचावा लागतो. मतदार यादीत नाव घालण्याची मुदत १२ कामकाजाच्या दिवसांपूर्वीची आहे. (या मुदती ग्रेट ब्रिटनच्या आहेत, उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत.) भारतात टपालाने मतपत्रिका मागवून ती वेळेत परत पाठवण्याचा भरवसा कोणी देऊ नये. जाण्याआधी पत्रिका हाती पडणार नसेल तर विश्वासू माणसाला प्रतिनिधी नेमणे शहाणपणाचे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त चार जणांचे प्रतिनिधित्व करता येते, आणि त्यांतले ब्रिटनमध्ये राहणारे दोनपेक्षा जास्त असू शकत नाहीत. त्यामुळे मंडळाच्या एकाच उत्साही कार्यकर्त्याकडे सगळ्या इमारतीची मते सोपवता येणार नाहीत.

६. मी पंतप्रधानाला मत देतो की खासदाराला? घरात रोज यावरून वाद होतो.

मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाच्या दावेदाराचे नाव तो त्या मतदारसंघातून उभा असेल तरच असते. एकूण ६५० मतदारसंघ आहेत: इंग्लंडमध्ये ५४३, स्कॉटलंडमध्ये ५७, वेल्समध्ये ३२ आणि उत्तर आयर्लंडमध्ये १८. प्रत्येक ठिकाणी ज्याला सर्वाधिक मते तो खासदार, आणि ज्याच्या पाठीशी खासदारांचे बहुमत तो पंतप्रधान. भारतातल्या लोकसभेपेक्षा हे तत्त्वतः वेगळे नाही.

वाद पेटतो तो व्यवहारात. दूरदर्शनवरच्या चर्चा नेत्यांच्या होतात, वर्तमानपत्रे नेत्यांवर लिहितात आणि बहुतेक मतदारही नेता पाहूनच ठरवतात. पण नेता बदलू शकतो. २०२२ या एका वर्षात बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान झाले आणि मधे एकदाही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. ट्रस यांची निवड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सभासदांनी ८१,३२६ मतांनी केली आणि ४९ दिवसांत त्या पायउतार झाल्या. ज्यांनी २०१९ मध्ये ‘जॉन्सन यांना’ मत दिले होते, त्यांनी प्रत्यक्षात आपापल्या गावच्या उमेदवाराला दिले होते, आणि तो उमेदवार तसाच जागेवर राहिला. म्हणून जेवणाच्या टेबलावर पक्षांची तुलना करताना पहिला प्रश्न ‘देशात कोण यावे’ हा न ठेवता ‘आपल्या पत्त्यावर कोण कोण उभे आहे आणि गेल्या वेळी त्यांना किती मते पडली’ हा ठेवावा, असे आमचे मत आहे. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण ज्या दोन पक्षांवरून सासरे आणि जावई भांडत असतात त्यांतला एक त्यांच्या मतदारसंघात चौथ्या क्रमांकावर असतो.

७. वडील ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ असे म्हणतात. ते कोणते? आणि बाकीचे पक्ष कोण?

हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि मजूर म्हणजे लेबर. मराठी वृत्तपत्रांनी ही यमक जुळणारी जोडी रूढ केली आणि ती इतकी सुटसुटीत आहे की टाकवत नाही. तोटा एवढाच की श्रीमंत हुजुरांकडे आणि कामगार मजुरांकडे अशी वाटणी त्या शब्दांतच गृहीत धरली जाते. आज वय आणि शिक्षण यांवरून मतांचा अंदाज बांधणे हे कमाईवरून बांधण्यापेक्षा बरेच सोपे झाले आहे.

त्यांच्याखेरीज लिबरल डेमोक्रॅट, रिफॉर्म यूके आणि ग्रीन हे पक्ष इंग्लंडभर दिसतात. स्कॉटिश नॅशनल पार्टी फक्त स्कॉटलंडमध्ये आणि प्लाइड कमरी फक्त वेल्समध्ये उमेदवार उभे करते. उत्तर आयर्लंड हे वेगळेच रणांगण आहे. मजूर पक्ष तेथे लढतच नाही, आणि शिन फेन हा पक्ष तेथे जागा जिंकतो (२०२४ मध्ये सात) पण त्याचे खासदार वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या संसदेच्या, सभागृहात बसत नाहीत. बेलफास्टला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मतदाराने लंडनच्या मित्राचा सल्ला घेऊन उपयोग नाही. सभापतींच्या मतदारसंघातही मोठे पक्ष परंपरेने उमेदवार देत नाहीत, त्यामुळे सभापतींच्या चोर्ली मतदारसंघात राहणाऱ्याला २०२४ मध्ये मतपत्रिकेवर हुजूरही दिसला नाही आणि मजूरही.

एक जुनी गंमत: १९७० च्या निवडणुकीपर्यंत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापतच नसत, केवळ उमेदवाराची ओळख असे. कमळ, पंजा, मशाल यांवर वाढलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही.

८. एका पक्षाला मते जास्त आणि जागा कमी, हे कसे? निकालात घोटाळा तर नाही ना?

घोटाळा नाही, पद्धतच तशी आहे. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के, म्हणजे ४१ लाखांहून अधिक मते पडली आणि जागा आल्या पाच. लिबरल डेमोक्रॅटांना त्यांच्याहून कमी, १२.२ टक्के मते होती आणि जागा ७२. फरक मतांच्या पसरण्याचा आहे. लिबरल डेमोक्रॅटांची मते ठरावीक मतदारसंघांत एकवटली होती, रिफॉर्मची देशभर पातळ पसरली होती आणि असंख्य ठिकाणी त्यांचा उमेदवार दुसरा किंवा तिसरा आला.

हे नवे नाही. २०१५ मध्ये यूकिप या पक्षाला १२.६ टक्के मतांवर एक जागा आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्के मतांवर ५६ जागा मिळाल्या. १९५१ मध्ये मजूर पक्षाला मते अधिक आणि हुजूर पक्षाला जागा अधिक होत्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमके उलटे झाले. पसंतीक्रमाच्या पर्यायी मतपद्धतीवर ५ मे २०११ रोजी सार्वमत झाले, तेव्हा ६७.९ टक्के लोकांनी ती नाकारली. त्यामुळे जो आज या पद्धतीवर चिडलेला आहे तो उद्या तिच्या बाजूने बोलताना आढळला, तर त्याच्या पक्षाची मते मधल्या काळात कुठे एकवटली ते पाहावे.

९. ‘त्या पक्षाला मत म्हणजे मत वाया’ असे सगळे सांगतात. हे कितपत खरे?

मतदारसंघावर अवलंबून आहे. जिथे एका पक्षाचे मताधिक्य वीस हजार आहे, तिथे कोणतेच एक मत निकाल फिरवत नाही, मग आवडत्या पक्षाला देणे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला देणे यांत निकालाच्या दृष्टीने फरक उरत नाही. जिथे चुरस आहे, तिथे नावडत्याला पाडण्यासाठी कमी नावडत्याला मत देण्याची जुनी रीत येथेही आहे. चुरस किती असू शकते? २०२४ मध्ये उत्तर लंडनच्या हेंडन मतदारसंघाचा निकाल १५ मतांनी लागला, आणि २०१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईशान्य फाइफचा अवघ्या दोन मतांनी.

दाराशी येणाऱ्या पत्रकांवर ‘येथे फक्त आम्हीच जिंकू शकतो’ असे लिहून खाली उंच-ठेंगण्या पट्ट्यांचा आलेख काढलेला असतो. तो आलेख कशाचा आहे हे बारीक अक्षरांत वाचावे. कित्येकदा तो नगरपालिकेच्या निवडणुकीचा, शेजारच्या मतदारसंघाचा किंवा युरोपीय संसदेच्या जुन्या निकालाचा असतो, आणि पट्ट्यांची उंची आकड्यांशी जुळतेच असे नाही. या कलेत सर्वच पक्ष पारंगत आहेत, पण लिबरल डेमोक्रॅटांची तिच्यासाठी विशेष थट्टा होते. शेवटच्या सार्वत्रिक निवडणुकीतला आपल्या मतदारसंघाचा निकाल स्वतः पाहणे हा यावरचा उपाय आहे. मात्र २०२४ पूर्वी मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, त्यामुळे त्याआधीचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

१०. भारतीयांनी एकगठ्ठा एकाच पक्षाला मत द्यावे असे संदेश येतात. आपला पक्ष कोणता?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईनेच सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले तीन भारतीय हे तिघेही मुंबईचे पारशी होते आणि तिघे तीन वेगळ्या पक्षांचे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी आले. काळा माणूस ब्रिटिश मतदारसंघातून निवडून येईल का, अशी शंका पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी त्याआधी जाहीरपणे व्यक्त केली होती. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये बेथनल ग्रीनच्या ईशान्य भागातून हुजूर पक्षातर्फे आले. शापूरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून आले, ते कम्युनिस्ट होते आणि मजूर पक्षाने त्यांना पाठिंबा दिला होता. भावनगरी हे काँग्रेसच्या स्वराज्याच्या मागण्यांचे विरोधक होते, सकलातवाला साम्राज्याचेच. एकगठ्ठा भारतीय मत हे त्या काळीही नव्हते.

आजही निकाल तेच सांगतात. २०२४ मध्ये मजूर पक्षाची देशभर सरशी झाली, पण मोठा गुजराती समाज असलेल्या लेस्टर ईस्टमध्ये हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. मजूर पक्षाकडून त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने घेतलेली ती एकमेव जागा. १९८७ पासून मजुरांकडे असलेल्या या जागेवर पक्षाचेच दोन माजी खासदार वेगळे उभे राहिले होते, आणि मतविभागणी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच दिवशी हॅरो ईस्टही हुजूर पक्षाने राखले, तर स्लाऊ मजूर पक्षाकडे राहिले. व्हिसावर आलेला अभियंता, तीस वर्षांचे दुकान असलेले जोडपे आणि येथेच जन्मलेली डॉक्टर मुलगी यांचे हित एकच असेल असे मानण्याला आधार नाही. दिल्लीतल्या पक्षांवरून येथली बाजू ठरवणाऱ्यांनी तर मतपत्रिका एकदा डोळ्यांखालून घालावी.

११. इमिग्रेशन, आरोग्यसेवा आणि कौन्सिल टॅक्स यांवरून आम्ही भांडतो. यांतले काय सार्वत्रिक निवडणुकीत ठरते?

इमिग्रेशन पूर्णपणे ठरते. व्हिसा, कायमचा निवास आणि नागरिकत्व हे विषय संपूर्ण देशासाठी वेस्टमिन्स्टरकडे आहेत. म्हणून कायमच्या निवासासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षे थांबावे लागावे, हा सरकारने मे २०२५ मध्ये मांडलेला विचार, किंवा कायमचा निवास हा प्रकारच रद्द करू, ही रिफॉर्म यूकेने सप्टेंबर २०२५ मध्ये केलेली घोषणा, यांवर मराठी घरांत वाद होतो तो रास्तच आहे. ‘आपले काम झाले, आता दार लावा’ असे म्हणणारे आणि नुकतेच आलेले एकाच पंगतीत बसलेले असतात.

आरोग्यसेवेचे तसे नाही. इंग्लंडची आरोग्यसेवा वेस्टमिन्स्टरचे सरकार चालवते, पण स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील आरोग्य आणि शिक्षण तिथल्या सरकारांकडे आहे. कार्डिफमधल्या दवाखान्यातली प्रतीक्षायादी दाखवून लंडनच्या सरकारला दोष देणे किंवा लंडनच्या सरकारने तेच उदाहरण घेऊन स्वतःची पाठ थोपटणे, या दोन्ही मांडण्या अर्धवट होत (एकूण निधी मात्र लंडनमधून ठरतो, हे मान्य करावे लागते). कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) आणि कचऱ्याचे डबे हा स्थानिक कौन्सिलचा विषय आहे, खासदार त्यात पत्र लिहिण्यापलीकडे फारसे करत नाही.

१२. पक्षाने जाहीरनाम्यातले वचन मोडले तर न्यायालयात जाता येते का?

नाही. जाहीरनामा हा करार नव्हे आणि न्यायालये त्याची अंमलबजावणी करायला लावत नाहीत. त्याला राजकीय वजन मात्र आहे. ज्या विधेयकाचे वचन जाहीरनाम्यात होते ते संसदेचे वरिष्ठ लॉर्ड्स सभागृह मुळातून फेटाळत नाही, असा १९४५ पासूनचा संकेत आहे. शिक्षा होते ती पुढच्या मतदानात. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही अशा लेखी प्रतिज्ञेवर लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी २०१० मध्ये सह्या केल्या, मग ते आघाडी सरकारात गेले आणि कमाल फी वर्षाला ९,००० पौंडांवर गेली. २०१५ मध्ये त्यांच्या ५७ जागांच्या आठ झाल्या.

१३. निवडून आलेला खासदार पक्ष बदलतो तेव्हा त्याचे पद जात नाही का?

जात नाही. पक्षांतरबंदीचा कायदा येथे नाही, आणि महाराष्ट्रातले गेल्या काही वर्षांतले राजकारण पाहिलेल्या वाचकाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. जानेवारी २०२२ मध्ये क्रिश्चन वेकफर्ड हुजूर पक्षातून मजूर पक्षात गेले आणि मार्च २०२४ मध्ये ली अँडरसन हुजूर पक्षाकडून निवडून आलेले असताना रिफॉर्ममध्ये गेले, दोघेही खासदार राहिले. २०१४ मध्ये डग्लस कार्सवेल यांनी यूकिपमध्ये जाताना राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवली, पण ते ऐच्छिक होते. पक्ष मूळचा कोणता आणि चिन्ह कोणाचे, असले खटले येथे रंगत नाहीत, कारण खासदारकी व्यक्तीची मानली जाते (प्रश्न ६ पाहा).

खासदाराला परत बोलावण्याची तरतूद २०१५ पासून आहे, पण ती तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून ठरावीक काळाचे निलंबन किंवा भत्त्यांच्या खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरणे अशा कारणांसाठीच आहे. त्यानंतर सहा आठवड्यांत मतदारसंघातल्या १० टक्के मतदारांनी सही केली तर जागा रिकामी होते. पक्ष बदलणे हे त्या कारणांत बसत नाही.

१४. आमच्या मंडळाने गणेशोत्सवात उमेदवाराला आरतीला बोलवावे का?

मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल, तर तिला कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये यावर चॅरिटी कमिशनची नजर असते. विद्यमान खासदार पाहुणा म्हणून येणे वेगळे, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर एकाच उमेदवाराच्या हाती ध्वनिवर्धक देणे वेगळे. सर्व उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरांची सभा घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. काहींनाच बोलवायचे असेल तर त्यामागे निःपक्ष कारण हवे आणि ते इतिवृत्तात नोंदवून ठेवावे. उमेदवाराच्या खर्चाने मतदारांना जेवण घालणे हा मत वळवण्याच्या हेतूने केल्यास गुन्हा आहे. महाप्रसादाचा खर्च मंडळानेच करावा. पदाधिकाऱ्यांना व्यक्ती म्हणून प्रचार करायला मोकळीक आहे, मात्र मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ईमेल यादीवर किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर नाही.

१५. व्हॉट्सॲपवर उमेदवाराविषयी वाट्टेल ते फिरते. पुढे पाठवणाऱ्यावर काही होते का?

धोरणाबद्दलची अतिशयोक्ती कायद्याच्या कक्षेत क्वचितच येते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे विधान निवडणुकीच्या काळात प्रसिद्ध करणे मात्र १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बेकायदा आहे, करणाऱ्याला ते खरे मानायला वाजवी कारण होते असे दाखवता आले तरच सुटका. ही कागदावरची तरतूद नाही: ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थ येथील २०१० ची फिल वूलास यांची निवड प्रतिस्पर्ध्याविषयीच्या अशाच विधानांमुळे निवडणूक न्यायालयाने रद्द केली.

प्रचारपत्रकावर ते कोणी छापले आणि कोणातर्फे, हे नाव-पत्त्यासह असावे लागते. राजकीय जाहिराती दूरचित्रवाणीवर आणि रेडिओवर मुळात निषिद्ध आहेत, समाजमाध्यमांवर त्या चालतात. भारतात मतदानापूर्वी ४८ तास प्रचार थांबतो, तसे येथे नाही, पण मतदान संपेपर्यंत, म्हणजे रात्री दहापर्यंत, लोकांनी मत कसे दिले यावर आधारलेला अंदाज प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. ‘आमच्या रांगेत सगळे अमक्याचेच’ असा संदेशही दुपारी टाकू नये.

१६. घरातले एक ज्येष्ठ सर्वांच्या टपाली मतपत्रिका स्वतःच भरतात. हे चालते का?

चालत नाही. मत गुप्त ठेवण्याचे संरक्षण १८७२ पासून आहे आणि २०२२ च्या कायद्याने ते टपाली मतालाही लागू केले. दुसऱ्याची पत्रिका भरणे हा गुन्हा आहे, मग भरणारे वडीलधारे असोत आणि हेतू मदतीचा असो. २०२३ च्या कायद्याने मतदान केंद्रात मतदाराला प्रभावित करण्याच्या हेतूने त्याच्याबरोबर मतकक्षात उभे राहणेही गुन्हा ठरवले आहे. वाचता येत नसलेल्या किंवा अपंग मतदाराला केंद्रावर अधिकृत मदत घेता येते. केंद्राबाहेर पक्षाचे स्वयंसेवक मतदार क्रमांक विचारतात. तो सांगणे ऐच्छिक आहे, आणि ‘कोणाला दिले’ हे विचारण्याचा अधिकार त्यांना नाही.

१७. मला पक्षाला देणगी द्यायची आहे, पण मी भारतीय नागरिक आहे. नागपूरचा माझा भाऊही पक्षासाठी पैसे पाठवू इच्छितो. चालेल?

ब्रिटनच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती देणगी देऊ शकते, नागरिकत्व कोणतेही असो. नागपूरचा भाऊ त्या यादीत नाही, म्हणून ५०० पौंडांपेक्षा जास्त रक्कम त्याच्याकडून पक्ष घेऊ शकत नाही, आणि त्याचे पैसे आपल्या नावाने भरणे ही कायद्यातून पळवाट नसून गुन्हा आहे. सभासदत्वाचे नियम प्रत्येक पक्ष स्वतः ठरवतो. प्रश्न ६ मध्ये आले तसे, सत्ताधारी पक्षाच्या सभासदाचे मत कधी कधी पंतप्रधान ठरवते.

१८. मुलगा मँचेस्टरला शिकतो, घर क्रॉयडनला आहे. दोन्हीकडे मत?

दोन्हीकडे नाव नोंदवता येते, सार्वत्रिक निवडणुकीत मत एकाच ठिकाणी देता येते. दोनदा देणे गुन्हा आहे. कोठे द्यावे हे त्याने ठरवायचे, आणि तिथे प्रश्न ९ मधली चुरशीची बाब विचारात घेणे हा त्याचा हक्क आहे.

१९. मतदानापूर्वी उमेदवार मरण पावला, किंवा दोघांना समान मते पडली तर?

पक्षाच्या उमेदवाराचे निधन झाल्यास त्या मतदारसंघापुरते मतदान थांबवून नंतर घेतात. २००५ मध्ये साउथ स्टॅफर्डशायर आणि २०१० मध्ये थर्स्क अँड मॉल्टन येथे असे झाले, तिथले मतदार देशाचा निकाल लागल्यावर काही आठवड्यांनी केंद्रावर गेले. अपक्ष उमेदवार असेल तर मतदान ठरल्या दिवशीच होते.

समान मते पडल्यास आणि फेरमोजणीनेही फरक न पडल्यास निर्वाचन अधिकारी चिठ्ठी टाकून निर्णय करतो. १८८६ मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे दोघांना ३,०४९ अशी सारखी मते पडली, तेव्हा अधिकाऱ्याने स्वतःचे निर्णायक मत हुजूर पक्षाच्या उमेदवाराला दिले होते. तो अधिकार आता उरलेला नाही, म्हणून २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या गिरगावातल्या प्रभागात जे केले गेले तेच आज येथेही करावे लागेल.